क्रियापद स्क्रीनबाहेर

पीडीएफ 1993 साली अमेरिकेत ॲडोबी कंपनीने आणली. फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, कुठल्याही प्रिंटरवर काढा, पान तसंच्या तसं दिसलं पाहिजे, एवढंच तिचं काम. तेव्हा खिशात फोन नव्हते, त्यामुळे कंपनीला बोल लावता येत नाही. पण या 'तसंच्या तसं'वर आपली कचेरी जी भाळली, ती अजून शुद्धीवर आलेली नाही.

हिशेब साधा आहे. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद, फोनची काच साधारण 70. म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं आणि शासन निर्णय औषधाच्या पाकिटावरच्या एक्सपायरी डेटसारखा वाचावा लागतो. मग दोन बोटांनी पान ताणायचं. ताणलं की ओळीचा तुकडाच दिसतो. उरलेली ओळ ओढून आत आणायची, ती संपली की पान मागे ढकलत पुढच्या ओळीचं तोंड शोधायचं, आणि तेवढ्यात बोट घसरून आपण तीन ओळी खाली.

इंग्रजीवाल्यांचं यात तसं बरं भागतं, त्यांचं क्रियापद लवकर येऊन जातं. आपलं बसतं शेवटी. सरकारी मराठीत तर सहा ओळींच्या वाक्याच्या शेपटाला. 'संदर्भाधीन प्रस्तावास उपरोक्त अटींच्या अधीन राहून मान्यता देण्यात येत' आणि इथे काच संपते. पुढे 'आहे' की 'नाही'? ज्याची बदली किंवा अनुदान त्या शब्दाला लटकलंय, तो आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सिग्नलला उभा राहून अंगठ्याने पान ओढतोय.

सातबाऱ्याची तऱ्हा वेगळी. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो, तलाठ्याची सही लागत नाही, ही सोय खरीच. तिची थट्टा नाही करणार. पण फुलंब्रीच्या शेतकऱ्याने तो फोनवर उघडला आणि आपलं नाव मोठं केलं की क्षेत्र बाहेर जातं. क्षेत्राकडे सरकलं की वरचं शीर्षक जातं. समोर नुसते आकडे. यातलं क्षेत्र कुठलं, आकार कुठला, पोटखराबा कुठला? वाटणीला बसलेल्या भावांत तेवढ्यावरून जुंपू शकते.

ओळी आपोआप का मोडत नाहीत? कारण साध्या पीडीएफला शब्द ठाऊकच नसतो. 'हे चिन्ह इथे, ते तिथे' एवढीच तिची नोंद. म्हणून तिच्यातून 'निर्णय' कॉपी करावा तर पुष्कळदा पहिली वेलांटी 'न'ला सोडून त्याच्या आधी पळालेली असते. ई-पबच्या पुस्तकात अक्षर वाढवलं की ओळी निमूट जागा बदलतात. तीच हौस सहा इंची किंडलवर पीडीएफ टाकून भागवू म्हणणाऱ्याने आधी संयमाचा क्लास लावावा. स्कॅन केलेली पीडीएफ तर निव्वळ फोटो, त्यातही तिरका. जुन्या कागदांत शहराचं नाव औरंगाबाद आणि 2023च्या नामांतरानंतरच्या कागदांत छत्रपती संभाजीनगर, म्हणून शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात. स्कॅनमध्ये दोन्ही सापडत नाहीत. निःपक्षपातीपणा असावा तर असा.

गंमत म्हणजे फोनवर त्यातल्या त्यात बरं वाचता येतं ते वर्तमानपत्राचं अगडबंब पान. 2020च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला बंदी केली. उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, पण तोवर अंक व्हॉट्सॲपवरून पीडीएफ होऊन फिरत होते. तेव्हा घरोघरच्या आजोबांना उमगलं, की पेपरचा एक कॉलम ताणला की फोनच्या रुंदीत नेमका बसतो. नुसतं खाली सरकत जायचं. अरुंद कॉलमची ही युक्ती छापखान्यांना फोन यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. मंत्रालयाला अजून कळायची आहे. पीडीएफचं पान ए-फोरच असावं असं ॲडोबीनेही कधी म्हटलेलं नाही. चार बोटं रुंदीचं करा, तरी ती पीडीएफच राहते.

तोपर्यंत औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्यांची चांदी. अभ्यासिकेतली पोरं नोट्स पाठवतात, छापून, स्पायरल मारून घेतात. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. चिंध्यांचा लगदा करून हातकागद बनवण्याची तिथली परंपरा थेट तुघलकाच्या काळातली म्हणतात. आता शहरात पेपरलेस कारभारापासून कागद बनतो.

तेव्हा विनंती एवढीच, की सरकारने फोनच्या मापाची पीडीएफ काढावी. अर्थात त्यासाठी आधी तसा शासन निर्णय निघायला हवा. तो ए-फोरवर येईल, आणि मान्यता देण्यात येत आहे की नाही, हे बघायला पान ओढावं लागेल.