मोरगावात फ्री गेली

माझ्याकडे एक इंग्लिश रेसर सायकल आहे. तिचे आणि माझे वय साधारण सारखेच आणि दोघांचेही सुटे भाग निघायचे बंद झाले आहेत. फरक इतकाच की तिचे भाग शोधत मी गावोगाव फिरतो. "तुमच्या गुडघ्याकडे कुणी असं बघितलं असतं तर जिना तरी चढला असता," असे बायकोचे म्हणणे.

सायकलच्या मागच्या चाकावर पाच चकत्यांची फ्री आहे. ती आतून झिजली होती. दुसरी बसवायची म्हणजे आधी ही काढायला हवी आणि ही काढायला त्याच कंपनीची किल्ली हवी. कंपनी बुडाली तेव्हा किल्लीही बुडाली. पुण्याच्या जुन्या बाजारात मी कित्येक रविवार जमिनीवर मांडलेले लोखंड उपसले. गुरांच्या घंटा मिळाल्या, अडकित्ता मिळाला, फ्री मिळेना. शेवटी कुणीतरी बातमी आणली : मोरगावात एकाने भाड्याच्या सायकलींचे दुकान बंद केले, त्याच्याकडे पेटीभर फ्री पडून आहेत.

घरी सांगितले, अष्टविनायक करावे म्हणतो. प्रथेप्रमाणे सुरुवात मोरगावपासूनच. बायकोने माझ्या घट्ट काळ्या चड्डीकडे पाहिले आणि एक लुंगी पिशवीत टाकली. "देवळात ही नेसा. देवालाही काही मर्यादा असतात."

दिवे घाटात मी इतक्या वेळा सृष्टिसौंदर्य पाहायला थांबलो की त्यातले काहीच आता आठवत नाही. सासवडला चहा. जेजुरीला लांबूनच हात जोडले, तरी कुठूनसा भंडारा येऊन नाकात गेलाच. तिथून मोरगाव सतराएक किलोमीटर, रस्ताही सोपा. मयूरेश्वराच्या देवळाचे चार कोपऱ्यांवरचे मिनार दिसले, मी ऐटीत उभा राहून पायडल मारले आणि आतून कट्‌ असा आवाज आला.

त्यानंतर पायडल दोन्ही बाजूंना सारख्याच उत्साहाने फिरू लागले. सायकल मात्र जागची हलेना.

मोरगावात देवळासमोर मोठा नंदी आहे. गणपतीपुढे उंदीर असतो, तोही आहेच. पण नंदी कसा? गावात गोष्ट सांगतात ती अशी : कुठल्याशा शिवमंदिरासाठी हा नंदी गाड्यावरून चालला होता. इथे गाडा मोडला आणि नंदी जागचा हलेना, तो कायमचाच राहिला. लोक याला देवाची इच्छा म्हणतात. त्या दिवशी मला त्यात सुट्या भागांची टंचाई स्पष्ट दिसली. मी लुंगी नेसून त्याच्या शेजारी उभा राहिलो. गणपतीची आरती समर्थ रामदासांना इथेच सुचली असे म्हणतात. मला जे सुचत होते ते छापण्याजोगे नव्हते.

भोवती माणसे जमली. "गिअरची हाय का?" "केवढ्याला घेतली?" "एवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती की!" एका आजींनी लुंगी, हेल्मेट आणि सायकल असे क्रमाने पाहिले आणि माझ्या हातावर प्रसादाची साखर ठेवली.

पेटीवाल्या मिस्त्रींचे घर एका पोराने दाखवले. सत्तरीच्या पुढचे असावेत. चाक उचलून त्यांनी कानाशी धरले, हळूच फिरवले. "पाव्हणं, फ्री गेली. आतली कुत्री मेली." मी पेटीबद्दल विचारले. ती निघाली. वरच्या थरात उंदराने चिंध्यांचे घर केले होते, पण मोरगावात उंदराला कोण हाकलणार? त्याला न दुखवता मिस्त्रींनी बाजूने हात घातला. फ्री होत्याच. सगळ्या एकाच जातीच्या, अठरा दात्यांच्या. दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, शाळामास्तरांच्या सायकलीला असते ती.

मी तिथल्या तिथे वैतागलो. म्हणजे मिस्त्रींवर नव्हे, सायकली बनवणाऱ्या जगावर. जपानच्या सनटूरने १९६४ साली गिअर बदलणारा तिरका सांगाडा शोधून काढला. वीस वर्षांनी पेटंट संपले आणि बाकीच्यांनी ती रचना उचलली. आज गिअरच्या जवळजवळ प्रत्येक सायकलवर ती दिसते, पण मूळची सनटूर नव्वदच्या दशकात संपली. मागे पाच चकत्या होत्या, त्यांच्या सहा झाल्या, सात झाल्या, आता बारा-तेरा. दर दोन-चार चकत्यांमागे चेन अरुंद होते आणि कालची सायकल भंगारात जाते. घाटात दम मात्र पूर्वीइतकाच लागतो.

मिस्त्रींनी माझे भाषण ऐकून घेतले आणि छन्नी उचलली.

"किल्ली लागेल," मी म्हणालो.

"कशाला?"

फ्रीच्या झाकणाला दोन खाचा असतात आणि त्याचे आटे उलटे. खाचेत छन्नी टेकवून त्यांनी तीन ठोके दिले. झाकण फिरले आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर छर्रे सांडले. इतकी वर्षे जिला हात लावायला मी घाबरत होतो, ती फ्री परातीतल्या डाळीसारखी निवडून झाली. उरलेला गाभा त्यांनी व्हाइसमध्ये आवळला आणि चाकच स्टेअरिंगसारखे धरून फिरवायला सांगितले. मी आणि मघाचे दोन प्रश्नकर्ते लटकलो. हलेना. कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणाले, बाकीचे "मोरया" म्हणाले, आणि गाभा सुटला. मी लुंगीसकट खाली बसलो.

मग त्यांनी पेटीतली अठरा दात्यांची फ्री हबवर ठेवून बोटानेच फिरवली. ती सरसर आत गेली. इंग्लंडात बनलेला हब, लुधियानाकडची फ्री आणि आटे एकच : इंचात चोवीस. इंग्रज गेले, आटे राहिले. चेनच्या दोन पिनांमधले अंतरही अर्धा इंचच, फक्त ही चेन रुंद. तीही पेटीतच निघाली. गिअर बदलणारा नाजूक सांगाडा मिस्त्रींनी सोडवला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. दहा गिअरची सायकल एका गिअरची झाली.

"दुकान बंद केलंत, मग या ठेवल्यात कशाला?" मी विचारले.

"पोरं तासावर सायकली न्यायची. शिकायची, पडायची, रडत परत आणायची. आता गाड्या आल्या, तासावर कोण नेणार?" त्यांनी हात पुसले. "पण कुणाची ना कुणाची अडतीच. म्हणून ठेवल्या."

इतका वेळ चालू असलेले माझे तोंड पहिल्यांदाच बंद पडले.

पैसे त्यांनी फ्रीचे आणि चेनचे घेतले, मजुरीचे नाही. "देवाच्या दारात मोडली," म्हणाले, आणि माझी मेलेली फ्री छर्‍यांसकट कागदात बांधून पेटीत टाकली. उंदराने जरा सरकून जागा दिली.

मी नंबर मागितला, पुढेमागे ही झिजली तर असावा म्हणून.

"ही झिजली तर इकडं कशाला येताय?" मिस्त्री म्हणाले. "कुठल्याबी गावात मिळती."