दांडीतलं पेट्रोल

सायकल आतून पोकळ असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचा त्रास फार थोड्यांना होतो. बाकीचे दांडीवर पोरगं बसवतात, कॅरिअरला गोणी बांधतात, हँडलला दोन पिशव्या लटकवतात आणि दळण आणायला जातात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मात्र रिकामी जागा न बघवणारी माणसं बरीच आहेत. जिन्याखाली टेलर बसलेला असतो, दोन गाळ्यांमधल्या दीड फुटात मोबाइल दुरुस्ती चालते, पोटमाळ्यावर जीन्सची शिलाई. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाने सायकलला इंजिन बसवायचं मनावर घेतलं, की टाकी कुठं लावायची या विचारात त्याची नजर कधी ना कधी त्या दांडीवर जाऊन ठेपतेच.

इंजिनाची त्याला चिंता नसते. फवारणी पंपाचं मिळतं, गवत कापायच्या मशीनचं मिळतं, नाहीतर चिनी किट घरपोच येतं. किटबरोबर छोटी गोंडस टाकीही येते. ती दांडीवर दोन पट्ट्यांनी आवळली की काम झालं. मग खटाटोप कशाला? माझ्या मते यात पैशाचा काही संबंध नाही. टाकी दिसली की सायकल सायकल राहत नाही. कोपऱ्यावरचा पानवाला विचारतो, "किती देते?" हा प्रश्न गाडीवाल्याला विचारायचा असतो. सायकलवाल्याचा रुबाब वेगळा. अंबरनाथच्या उड्डाणपुलाच्या चढावर बाकीचे उतरून सायकल ढकलतायत, आणि आपण मात्र पायडलवर नुसते पाय ठेवून, चेहरा निर्विकार ठेवून वर चाललोय, हे सुख टाकी लपवल्याशिवाय मिळत नाही. टू-स्ट्रोकचा फटफटाट अर्ध्या फर्लांगावरून ऐकू येतो, हा भाग निराळा. रुबाबाला कान नसतात.

ही कल्पना वेडगळ आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. पियाजिओ कंपनीने १९६७ साली इटलीत ‘चाओ’ नावाची मोपेड काढली. तिची टाकी बाहेरून दिसतच नाही, कारण पेट्रोल पत्र्याच्या सांगाड्यातच भरलेलं. ऑस्ट्रियाच्या पुख मॅक्सीचंही तेच. पुढे अमेरिकेतल्या ब्यूएलने तर भल्या थोरल्या मोटारसायकलच्या अॅल्युमिनियम फ्रेममध्ये पेट्रोल भरलं आणि मागच्या चाकाच्या आर्ममध्ये इंजिन ऑइल. आणि त्या चाओचाच परवाना घेऊन १९७२मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने आपल्याकडे लूना आणली. म्हणजे ज्या लूनावरून आपले मास्तर, पोस्टमन आणि एलआयसीचे एजंट फिरले, तिच्या माहेरी हा विचार आधीच झाला होता. फक्त तिकडे आधी फ्रेम टाकीसाठी आखली गेली आणि मग पेट्रोल आलं. आपल्याकडे फ्रेम आजोबांची असते.

याहून जवळचा नातेवाईक जपानात सापडतो. १९४६ साली सोइचिरो होंडा यांना लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनलेली छोटी जनरेटर इंजिनं हाती लागली. युद्ध संपलेलं, त्यामुळे ती बेवारस. त्यांनी एक उचलून सायकलला जोडलं, आणि टाकी म्हणून घरातलं, थंडीत अंथरूण शेकायचं गरम पाण्याचं भांडं लावलं. चालवून बघायला बायकोला, साचीबाईंना बसवलं. युद्धाच्या उरल्यासुरल्या सामानातून संसार उभा करणं उल्हासनगरला कुणी शिकवायला नको. तेही लष्कराच्या कल्याण कॅम्पातच वसलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना बराकी मिळाल्या, १९४९ साली गावाला नाव मिळालं, आणि पत्त्यात मात्र ‘कॅम्प नंबर’ आजही राहिलाय. होंडांचं भांडं इथं कुणाच्या नजरेस पडलं असतं, तर आठवड्याभरात तसंच भांडं कॅम्प तीनमध्ये स्वस्तात मिळू लागलं असतं, आणि त्यावर ‘मेड इन यूएसए’ असतं. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथं शाळकरी पोरालाही पाठ असतो.

आता हिशोब. हा मी चहाच्या टपरीवर, पेपराच्या कडेला मांडलेला आहे. जुन्या काळ्या सायकलची दांडी बाहेरून एक इंच, आतून साधारण २३ मिलिमीटर, आणि लांबीला ५५-५६ सेंटीमीटर. तिच्यात मावतं पाव लिटरला थोडं कमी. खालची तिरकी नळी अंगाने जाड आणि लांब, तिच्यात साधारण ३३० मिली. दोन्ही मिळून अर्ध्या लिटरच्या थोडं वर, म्हणजे प्रवासात घेतो त्या पाण्याच्या छोट्या बाटलीएवढं. पण पेट्रोल कार्ब्युरेटरकडे आपल्या वजनाने उतरतं. खालच्या नळीचा बराचसा भाग कार्ब्युरेटरच्याही खाली, म्हणून तिथलं पेट्रोल वर चढणार नाही, ते आयुष्यभर तिथंच बसून वास मारणार. कामाला येतं ते साडेतीनशे मिली. लिटरला ५० किलोमीटर धरले तर साडेसतरा. उल्हासनगर ते बदलापूर रेल्वेने दहा. म्हणजे गृहस्थ बदलापूरला थाटात जातात, काम उरकतात, परत फिरतात, आणि अंबरनाथ दिसायला लागतं न लागतं तोच फटफटाट थांबतो. पुढे पायडल. पायडलं काढून न टाकण्याचं शहाणपण यातच आहे.

पुन्हा हे साधं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं. पंचविसाला एक धरलं तर अर्ध्या लिटरला २० मिली. खोकल्याच्या औषधाचं टोपण त्यासाठी उत्तम. पंपावर पन्नास रुपयांचं पेट्रोल मागून ते सायकलच्या दांडीत घालायला सांगितलं, की पोऱ्या आधी आपल्याकडे बघतो, मग मॅनेजरकडे.

खरी परीक्षा वेल्डरकडे असते. दांडीच्या पुढच्या टोकाला हँडलचा पाइप फिरतो, मागच्या टोकाला सीटचा. तेव्हा दोन्हीकडे आतून चकत्या बसवून तोंडं बंद करायची. वर झाकणाची गळपट्टी, खाली कॉकसाठी भोक. झाकणाला सुईएवढं छिद्र हवंच, नाहीतर एकच भोक पाडलेल्या तेलाच्या डब्यासारखं पेट्रोल आतच घुटमळतं. या सायकलींचे सांधे पितळ वितळवून भरलेले असतात. शेजारी ज्योत धरली की जुना सांधा मऊ पडतो, आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उघडी पडतात. ती शोधायची रीत पंक्चरवाल्याची: आत हवा भरायची, वरून साबणाचं पाणी फासायचं, बुडबुडे कुठं येतात ते बघायचं. हवा धरली तरी निर्धास्त होऊ नये. चाळीस वर्षांचा आतला गंज पेट्रोलने सुटतो आणि थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. पावसाळ्यात तर विचारूच नका.

एकदा पेट्रोल भरून झाल्यावर काही गळलं आणि पुन्हा वेल्डरकडे न्यायचं ठरलं, तर खरा धोका तिथं आहे. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट. म्हणून जाणता वेल्डर आधी टाकीत काठोकाठ पाणी भरतो आणि मगच गन हातात घेतो. न भरता हात लावणाऱ्याकडे काम देऊ नये. विमकोची आगपेटी ज्या गावात बनली आणि जिथं ऑर्डनन्स फॅक्टरी उभी आहे, त्या अंबरनाथकरांना ठिणगीचा धडा द्यायची वेळ येऊ नये, पण हौसेच्या भरात माणूस काय विसरेल सांगता येत नाही.

कायदा या बाबतीत अनपेक्षित प्रेमळ आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात, दुसऱ्या कलमाच्या अठ्ठाविसाव्या पोटकलमात, मोटार वाहन कशाला म्हणायचं ते सांगताना चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहनं वगळली आहेत. पंचवीस सीसी म्हणजे चहाचे पाच चमचे. तेवढ्यात भागवलं, तर कायद्याच्या लेखीही ती मोटार नव्हे. पण पाच चमच्यांत कुणाचं समाधान झालंय? किटवाल्याकडे पन्नास आणि ऐंशीची इंजिनं असतात, आणि आपला माणूस भाजीसुद्धा वर मूठभर कोथिंबीर मागितल्याशिवाय घेत नाही.

घरचा कायदा त्याहून कडक. आमचे काका हा बेत मांडतात, तेव्हा काकू सगळं शांतपणे ऐकून घेतात, चकत्या, कॉक, पितळ, आणि मग एवढंच विचारतात, "मग पिंकीला शाळेत सोडताना बसवायचं कुठं?" दांडीवरची ती इवलीशी गादीची सीट काकांनीच बसवलेली असते. साची होंडांनी पहिल्याच फेरीत नवऱ्याच्या यंत्राला पास केलं असेल, पण त्यांचं पेट्रोल पोराच्या मांडीखाली नव्हतं. या प्रश्नावर अजून कुठल्या वेल्डरने उत्तर काढलेलं नाही.

हल्ली बदलापुरात स्टेशनकडे जाताना बॅटरीच्या सायकली दिसतात. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा पाळली, की नोंदणी नाही, लायसन्स नाही. काहींची बॅटरी खालच्या जाड नळीतच दडवलेली असते, सांगितल्याशिवाय कळत नाही. परवा अशीच एक सायकल स्टँडवर लागली होती. आमचे काका तिच्याभोवती दोनदा फिरले, नळीवर टिचकी मारली, वाकून खालून पाहिलं. तेवढ्यात तिचा मालक आला, कॉलेजातला पोरगा. काकांनी खाकरून विचारलं,

"किती देते?"