आधी कोपर दाखवा

(रंगमंचावर एक खुर्ची आणि घडीची शिडी. कलाकार चाळिशीतला, कमरेला मेजर टेप लटकवलेली. येतो, प्रेक्षकांकडे रोखून टेप ओढतो, पहिल्या रांगेचं माप घेतल्यासारखं करतो. टेप सुर्रकन आत जाते.)

व्हाइटफिल्डहून कोण कोण आलंय? हात वर करा. वा. दुपारचं जेवण आटोपून लगेच निघालात ना? आणि सर्जापूर रोडवाले? (थांबतो, हात कोणाचाच नाही.) येतील. मध्यंतरापर्यंत सिल्क बोर्डचं ट्रॅफिक सुटेल त्यांचं.

आपल्या माणसाचं या गावाशी नातं जुनं बरं का. सतराव्या शतकात शहाजीराजांना बंगळूर जहागिरीत मिळालं. अख्खं गाव! मला मिळालं तेराशे चौरस फूट. तेही सुपर बिल्टअप. म्हणजे लिफ्ट, जिना, लॉबी आणि वॉचमनची खुर्ची, या सगळ्यात माझा चिमूटभर वाटा. दाराच्या आत मोजलं तर नऊशे. आता २०१६ चा रेरा कायदा आला, बिल्डरला कार्पेट एरिया सांगावा लागतो. पण त्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरतात! म्हणजे ज्या जागेत पालसुद्धा राहू शकत नाही, तिचाही हप्ता मी भरतोय. वीस वर्षं.

बरं, चावी हातात आली की जो तो सल्ला द्यायला मोकळा. शेजारी म्हणतो, "आर्किटेक्ट कशाला? माझा एक मेस्त्री आहे." प्रत्येकाचा एक मेस्त्री असतो! आणि तो कायम दुसऱ्याच्या घरी काम करत असतो. पुण्याहून आईचा फोन. (पदर सावरत) "अरे, परक्या माणसाला पैसे देऊन स्वतःचं घर लावून घेणार तू? तुझ्या आजोबांनी एवढा वाडा बांधला, कुणाला विचारलं होतं?"

"आई, त्या वाड्यात संडास परसात होता. रात्री कंदील घेऊन जायचो आपण."

"मग! घरात वास तरी येत नव्हता."

(प्रेक्षकांना) यावर काय बोलणार? मुद्दा बरोबर आहे.

बायकोचं वेगळंच. तिच्या फोनमध्ये चित्रं. स्कँडिनेव्हियन. पांढरा सोफा, पांढरा गालिचा, पांढरं किचन. म्हटलं, अगं, या लोकांच्या घरी हळद नसते! ती म्हणाली, "तुला काय हवंय ते सांग." मला एकच हवं होतं. टीव्हीच्या मागे ते दगडाचं पॅनल, त्यात दिवे, शेजारी छोटासा बार.

"तू पितोस?"

"नाही. पण कोणी आलं तर?"

"कोण येतं?"

(लांब विराम.) मंडळी, इथे आमच्या आयुष्यात आर्किटेक्ट आली.

मल्लेश्वरमची कन्नड मुलगी. तिशीची. पायात बूट, कानामागे पेन्सिल. माझा आतेभाऊ म्हणाला, "ही आर्किटेक्ट कशावरून?" विचारायलाच हवं होतं, कारण १९७२ च्या कायद्याप्रमाणे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही. तिने न मागता नोंदणी क्रमांक दाखवला. इंटिरियर डिझायनर मात्र कोणीही होऊ शकतं. आतेभाऊच झालाय. परवापर्यंत मोबाइलची कव्हरं विकत होता.

मला वाटलं, ती रंग विचारेल, टाइल्स दाखवेल. तिने वही उघडली. (खुर्चीवर बसून, शांतपणे) "सर, सकाळी साडेसहाला या घरात काय काय चालू असतं?"

मी म्हटलं, मॅडम, तुम्ही आर्किटेक्ट आहात की क्राइम ब्रांच?

"ओले टॉवेल कुठे वाळतात?"

"खुर्चीवर."

"कुठल्या?"

"बेडरूममधली आहे ना एक. तिच्यावर बसत नाही कोणी. कपडे असतात. धुतलेलेही नाहीत आणि मळलेलेही नाहीत असे."

तिने नकाशात ती खुर्ची काढली! मापासकट! म्हणाली, "ती राहणारच आहे, तर तिला जागा देऊ." मंडळी, लग्नाला पंधरा वर्षं झाली, या खुर्चीवरून आमच्याकडे किती वाजलंय! आणि ही मुलगी दोन फूट बाय दोन फूट काढून देते आणि विषय संपवते.

"वीस लिटरचा पाण्याचा कॅन कुठे ठेवता? भरलेला एक, रिकामे दोन?" आहे कुठे बायकोच्या त्या चित्रांत कॅन? नॉर्वेत कावेरीचं पाणी येत नाही की जात नाही! "ओला कचरा, सुका कचरा आणि तिसरा, सॅनिटरी?" या गावात तीन ठिकाणी वेगळा करून द्यावा लागतो, नाहीतर कचरा नेणाऱ्या पौरकार्मिक ताई मजल्यावरच्या सगळ्यांसमोर पिशवी परत देतात. "ग्राइंडर किती किलोचा? रोज उचलून खाली ठेवता? मग तो उचलायचाच नाही, तिथेच राहील." "इन्व्हर्टर?" "गणपती बसतो? किती दिवस? आणि मखर उरलेलं वर्षभर कुठे?"

(उठून) उरलेलं वर्षभर! मखराचा असा विचार आमच्या खानदानात कोणी केलेला नाही. आमच्याकडे मखर पलंगाखाली जातं आणि भाद्रपदात तीन तुकड्यांत बाहेर येतं.

मग ती म्हणाली, "आता आधी कोपर दाखवा."

म्हटलं, काय?

बायकोला उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. (शिडीला टेप लावून दाखवतो.) अडतीस इंच. म्हणाली, ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा. पोळी लाटताना खांदे वर गेले नाही पाहिजेत. बिल्डर आपला सगळ्यांना एकाच उंचीचा ओटा देतो, बाई पाच फुटी असो नाहीतर सहा फुटी. बायको काही बोलली नाही. पण मला दिसलं. पंधरा वर्षं तिचा उजवा खांदा दुखतोय, मी आयोडेक्स आणून देतोय, आणि कारण निघालं इंचात!

मग माझंही माप घेतलं. चव्वेचाळीस. "सर, तुम्ही किचनमध्ये काय करता?"

(छाती काढून) "रविवारी पोहे!"

बायको म्हणाली, "मागची भांडीही लिही."

ते वहीत गेलं. मी लक्ष दिलं नाही.

पुढचा प्रसंग भिंतीचा. मला ओपन किचन हवं होतं. मेस्त्री तयार! (हातोडा उगारून, हिंदीत) "साहब, एक दिन का काम है।" माझा हातोडाही तयार. आमच्या आर्किटेक्ट बाईंनी नुसतं पेन्सिलीने भिंतीवर टकटक केलं. आणि बिल्डरचा नकाशा उघडला. म्हणाली, ही विटांची नाहीच. हल्लीच्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, आत लोखंडी सळ्या. मायवान म्हणतात. तुमचे वरचे नऊ मजले यावर उभे आहेत, सर.

मी हातोडा हळूच मेस्त्रीकडे दिला. मेस्त्रीने तो हळूच पिशवीत घातला. वरच्या नऊ मजल्यांतल्या छत्तीस कुटुंबांना अजून माहीत नाही की ते कोणामुळे जिवंत आहेत. सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगवरून माझ्याशी भांडतात!

त्याच भिंतीत आईने पाठवलेला आजोबांचा फोटो लावायचा होता. खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसरा उडून पंख्यावर लागला. शेवटी बाईंनी नकाशात आजोबांसाठी सागाची पट्टी टाकली, ड्रिलच्या जागेसकट. आजोबा आता सरळ बघतात. आयुष्यात पहिल्यांदा.

हाच मेस्त्री प्लायवूड घेऊन आला. "वॉटरप्रूफ है मॅडम, गारंटी।" तिने तक्ता उलटा केला. शिक्का, आयएस ३०३. "सिंकखाली आयएस ७१० हवा. मरीन." मेस्त्री दुखावला. "मॅडम, मेरे पे भरोसा नहीं?"

"तुमच्यावर आहे हो. पाण्यावर नाही."

आता तुम्ही विचाराल, फी? घेते. आणि गंमत ऐका, ती जे करू देत नाही त्याचेच मी पैसे देतो! फॉल्स सीलिंग नको म्हणाली. (शिडीवर चढून) स्लॅब साडेनऊ फुटांवर आहे, त्यातला पाऊण फूट कापून तिथे धूळ आणि झुरळं ठेवायचीत का? जाणारे पैसे वाचले. खिडकीसमोर वॉर्डरोब नको. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर राहता, फुकटची हवा आहे, ती प्लायवूडने का अडवता? वाचले. माझं दगडी पॅनल... (गळा दाटल्याचा अभिनय) वाचले. आणि दुकानदार तिला कमिशन देऊ लागला तर तिने त्याला उलट सांगितलं, तेवढे सरांच्या बिलातून कमी करा. दुकानदार माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच तिला बिघडवलंय.

पण खरी फी मी कशाची देतो सांगू? (खाली उतरतो, आवाज कमी.) बायकोला पांढरं किचन नको हे मी सांगितलं असतं, तर आठवडाभर मला पिठलंच मिळालं असतं. बाईंनी एका तक्त्यावर हळद आणि तेल लावून रात्रभर ठेवलं. सकाळी पुसलं. बस. बायको स्वतः म्हणाली, "करडा बरा." आणि मला बार नको हे बायकोने सांगितलं असतं तर मी तो कर्ज काढून केला असता! बाईंनी नुसतं विचारलं, "सर, यात काय ठेवणार?" मी म्हटलं, कोकम सरबत. म्हणाली, "ते फ्रीजमध्ये ठेवू या."

यातली कुठलीही गोष्ट घरातल्याने सांगितली तर तो टोमणा असतो. फी घेऊन सांगितली की सल्ला!

आतेभाऊ तरीही म्हणतो, पुण्याचा माणूस आणि पैसे देऊन सल्ला घेतो? (टिचकी वाजवून) म्हटलं, बन्नेरघट्टा रोडला आयआयएम बघितलंयस? दगडी कॉरिडॉर, वर वेली, मधूनच उन्हाच्या पट्ट्या. ते केलं बाळकृष्ण दोशींनी. जन्म पुण्याचा, १९२७. घरात फर्निचरचा धंदा. पुढे २०१८ मध्ये प्रित्झकर मिळाला, भारतात पहिला. पुण्यात जन्मून या गावाला फुकट सल्ला न देता, नकाशा काढून देणारा माणूस!

आतेभाऊ म्हणाला, "मग त्यांनाच बोलवायचं होतं." यालाही कव्हरंच विकू देत.

असो. काम संपलं. गृहप्रवेश झाला, आई आली. ओट्यापाशी उभी राहिली, हात फिरवला, आणि म्हणाली, "उंची बरोबर आहे." आईकडून एवढं म्हणजे भारतरत्न. पाहुणे जेवले, गेले. रात्री अकरा. सिंकमध्ये हा ढीग. बायको भांडी घासायला गेली आणि हात वर करून नळाशी झोंबायला लागली. सिंक तिच्या छातीशी! मी भडकलो. लगेच फोन लावला. (फोन कानाला) "मॅडम, चूक झालीय! ओटा तेहेतीस इंचांवर आणि सिंक अडतीसवर? ही पाच फूट एक इंच आहे, तिचा हात पोचत नाही!"

(पलीकडचं ऐकतो. चेहरा बदलत जातो.)

"...हो. ...हो, माझं कोपर चव्वेचाळीस. ...तिने सांगितलं होतं?"

(वळून बायकोकडे बघतो. फोन ठेवतो. बाह्या वर करतो. काल्पनिक नळ सोडतो, दोन भांडी घासतो. थांबतो. खांदे हलवून बघतो, पाठ ताठ करतो.)

पाठ अजिबात दुखत नाही हो!

(घासत राहतो. अंधार.)