रविवारची शिस्त

आमच्या भिलाईच्या सेक्टरमधला मुलगा जर्मनीत स्थिरावतोय, याचा कॉलनीला सार्थ अभिमान आहे. गेल्यावर दोन आठवड्यांत त्याने तिथल्या नियमाप्रमाणे पत्ता नोंदवला. पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या बाटल्या तो वेगवेगळ्या टाकतो. रविवारी मात्र टाकत नाही, खळकन आवाज होतो ना! दुकानंही बंद. केवढी ही संस्कृती! नाहीतर आपल्याकडे 1959 साली राष्ट्रपती राजेंद्रबाबूंनी उद्घाटन केलेली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी. तिला रविवार कुणी सांगितलाच नाही. रशियन तज्ज्ञांनी पोलाद शिकवलं, शांतता राहून गेली. आता भट्टीने शनिवारी रात्री विझावं, सोमवारी सातला पेटावं; वितळलेलं लोखंड तोवर थांबेल. चिरंजीवांचा एकच हट्ट आहे: रविवारी आईने फोनजवळ मिक्सर लावायचा. त्याशिवाय त्याला दुपारची झोप लागत नाही.