पाचची जातेय

घरच्या घरी सुतारकाम करणारे एक निवृत्त गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी ज्यांना आयुष्यभर लोखंडाला जुंपलं, त्यांना साठी उलटली की लाकडाचा पुळका येतो, आणि निगडी प्राधिकरणात राहायचं तर त्या पुळक्याचा आवाज ऐकावा लागतो. आमच्याच मजल्यावरच्या काकांनी बंद बाल्कनीत रंध्याचं छोटं मशीन आणून बसवलं आहे. 'जॉइंटर' म्हणायचं त्याला. 'रंधा मशीन' म्हटलेलं त्यांना आवडत नाही.

खरं दुखणं मशीन नाही, खिसा आहे. इतरांच्या खिशात जिथे पेन असतं, तिथे काकांच्या फिलर गेज असतो. पोलादी पात्यांचा जुडगा. त्यातली सगळ्यांत नाजूक पाती 0.05 मिलिमीटर जाडीची, काकांच्या भाषेत 'पाचची'. सपाट म्हणवणारी कुठलीही वस्तू दिसली की काका तिच्यावर स्टीलची पट्टी उभी ठेवतात, पट्टीखाली पाती सरकवतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "पाचची जातेय." सोसायटीतली पोरं त्यांना जातेयकाकाच म्हणतात.

आमच्या जेवणाच्या टेबलाला जातेय. क्लबच्या कॅरमबोर्डाला तर वीसची जाते, आणि हे ऐकल्यापासून हरणारा प्रत्येक जण वीसचीच सबब सांगतो. गणपतीत मूर्ती मांडायच्या ऐन वेळी काकांनी चौरंगावर पट्टी ठेवली. गुरुजी ताम्हन घेऊन उभे, टाळ थांबलेले, काका गुडघ्यांवर, आणि मग निकाल: "मधे पोट आहे. पंधराची जातेय." गुरुजी म्हणाले, देवाला चालतं. काकांना ते पटलेलं दिसलं नाही.

आता मशीन. ते बघायला या, असं काका ज्याला म्हणतात तो पुन्हा जिन्यात त्यांच्या डोळ्याला डोळा देत नाही. तसं प्रकरण साधं आहे. दोन टेबलं, त्यांच्या मधे दोन ब्लेडचा कटर, मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेणारा. पहिल्या टेबलावरून फळी ढकलायची. कटर तिला खालून तासतो आणि ती दुसऱ्या टेबलावर सरळ होऊन निघते. मेख आहे ती दुसऱ्या टेबलात. ते ब्लेडच्या माथ्याच्या तंतोतंत पातळीत हवं. जरा खाली राहिलं तर शेवटी फळीचं शेपूट कटरवर पडतं आणि तिथे खळगा होतो. जरा वर राहिलं तर फळीचं तोंडच कडेला अडतं.

म्हणून रोज चहाच्या आधी मशीनची नाडी बघायची. प्लग काढायचा, दुसऱ्या टेबलावर पट्टी ठेवायची आणि कटर हाताने फिरवायचा. ब्लेडने पट्टीला अलगद धरून तीनेक मिलिमीटर पुढे न्यावं, दोन्ही ब्लेडनी आणि दोन्ही कडांना सारखंच न्यावं, अशी अपेक्षा. तसं होत नाही. मग ब्लेडचे स्क्रू ढिले करायचे, बसवायचे, आवळायचे. आवळताना ब्लेड हटकून वर सरकतं. मग पुन्हा ढिले. तोवर चहा गार.

शिवाय टेबलं ॲल्युमिनियमची. पहिल्या मशीनच्या टेबलाला पाचची गेली म्हणून काकांनी ते परत पाठवलं. बदली आलं त्यालाही गेली, फक्त दुसऱ्या कोपऱ्यात. फोनवर कंपनीचा मुलगा म्हणाला, "सर, लाकडाला एवढं चालतं." त्या मुलाचा विषय निघाला की काका अजून पाणी मागतात.

एवढ्या सगळ्यातून झालं काय, हा प्रश्न काकूंचा आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागाची एक देखणी फळी आली, पुस्तकांच्या शेल्फासाठी. मशीनची रुंदी सहा इंच, फळी आठ इंच. म्हणून ती आधी उभी चिरली. मग तासायला घेतली. संध्याकाळी सपाट झालेली फळी जुलैच्या हवेत रात्रभर राहिली आणि सकाळी तिने पोट काढलं. पुन्हा तासली. एक बाजू आरशासारखी झाली, पण फळी इकडे जाड आणि तिकडे पातळ, कारण जॉइंटर एक बाजू सपाट करतो, दुसरी तिला समांतर करणं त्याच्या कुळात नाही. त्याला थिकनेसर लागतो, म्हणजे दुसरं मशीन. काकूंनी बाल्कनीच्या दारात उभं राहून सांगितलं, आधी याने काय केलं ते दाखवा. तेव्हा शेल्फाचा पाट करायचं ठरलं. पाटाचा पोळपाट. शेवटी जे हाती आलं त्याने काकू थालीपीठ उलटतात. उरलेला साग ढलप्यांच्या रूपाने सोसायटीतल्या सगळ्या कुंड्यांत पोचला आहे.

हे असंच चालायचं, पण मागे आमच्याकडे दारं बसवायला एक मिस्त्री आला होता. त्याने फळीची कड डोळ्यासमोर धरली, हातरंध्याचे सात-आठ हात मारले आणि फळी बाजूला ठेवली. काका दबा धरून होतेच. पट्टी ठेवली, पाती लावली. पाती जाईना. दुसऱ्या टोकाला लावली. तिथेही जाईना. मला वाटलं, आता यांचं तोंड पडणार.

मिस्त्री घाम पुसत सहज म्हणाला, "काय साहेब, पास?"

काका एकदम ताठ झाले. गेज मिटला, फळीवर दोन बोटं टेकवली आणि अगदी हळू म्हणाले, "पास." मग बराच वेळ ते घरी गेलेच नाहीत. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस नोकरीभर गेजरूममध्ये होता. क्रँकशाफ्टची लाइन त्यांच्या टेबलापाशी येऊन थांबायची. 'जातंय' की 'नाही जात' एवढं ऐकायला सुपरवायझर उभे असायचे. हे 'नाही' म्हणाले तर माल हलत नसे. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणीही, काहीही, पास करायला आणलं नाही. अशा माणसाने मशीन घ्यायचं तर रोज बिघडणारंच घ्यायला हवं. काकांची निवड चुकली नव्हती.

म्हणून मुलाच्या नव्या फ्लॅटचा ताबा घेण्याआधी पाहणीला मी त्यांना नेलं. दारू सोडलेल्याला बारमध्ये न्यावं तसं वाटत होतं खरं. बिल्डरचा तरुण इंजिनियर फाइल घेऊन हजर, सही कुठे करायची तिथे खुणा केलेल्या. काकांनी बेडरूमची चौकट पाहिली. गेज काढला, पाहिला, परत खिशात ठेवला. मग चौकट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बोटं घातली.

"हात जातोय," ते म्हणाले.

इंजिनियर हसला. "सर, एवढं चालतं."

काकांनी त्याच्या हातातली फाइल घेतली, मिटली आणि माझ्याकडे दिली. पुढचे दोन तास ते घरभर गुडघ्यांवर फिरत होते आणि तो मुलगा मागे मागे लिहून घेत होता: स्वयंपाकघराचा ओटा, पेन जातंय, गॅलरीचा स्लायडर, चप्पल जातेय. शेवटी त्याचा धीर सुटला. मला बाजूला घेऊन न विचारता त्याने थेट त्यांनाच विचारलं, "सर, आपण नक्की कुठल्या डिपार्टमेंटचे?"

"इन्स्पेक्शन," काका म्हणाले आणि बाथरूमकडे वळले.