ठिपके पुसणाऱ्या महाशयांस



माझ्या गुरुजींच्या बावीस वह्या तुम्ही ‘डिजिटल’ केल्यात. पानं पांढरीशुभ्र, अक्षरं काळीभोर, डाग नाही, वहीच्या छापील रेघासुद्धा नाहीत. या सफाईचा तुम्हाला अभिमान आहे, असं कळलं. मूळ वह्या जागा अडवतात म्हणून रद्दीत घातल्यात, हेही कळलं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

त्या वह्यांत भातखंडे पद्धतीने लिहिलेल्या बंदिशी होत्या. या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर ठिपका असला की तो तार सप्तकातला, पायाशी असला की मंद्रातला. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. तुमच्या यंत्राने धूळ समजून ठिपके झाडले. छापील रेघा काढताना कोमल-तीव्राच्या रेघाही नेल्या. पेन्सिलीचं जे फिकट होतं, ते निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतीत पांढऱ्याच्या वाट्याला गेलं.

तुमच्या लेखी हा सगळा कचरा. मग विष्णु नारायण भातखंडे क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहाही भागांत पानोपानी कचराच पेरत गेले का?

परिणाम ऐका. ही पानं संगणकाला वाचायला शिकवावीत म्हणून मी कामाला बसले. या पद्धतीत शुद्ध स्वराला कोणतीच खूण नसते. त्यामुळे खुणा गेल्या की उरतात ते सगळे शुद्ध, म्हणजे बिलावलाचे स्वर. संगणकाने यमन वाचला तो बिलावल, भैरव वाचला तोही बिलावल, भैरवीसुद्धा बिलावल! त्याने समोर होतं तेच वाचलं. भातखंड्यांनी रागांचे दहा थाट मांडले. तुम्ही त्यातले नऊ मोडीत काढलेत.

संगणकाला हस्तलिखित स्वरलिपी शिकवायची म्हणजे माणसाने एकेका खुणेवर बोट ठेवून ती ओळखून द्यायची. पाश्चात्त्य संगीतासाठी हे कष्ट कुणीतरी घेतले. बार्सिलोनाच्या संशोधकांनी ५० संगीतकारांकडून तीच २० पानं हाताने लिहवून घेतली. १००० पानं जमली. पुढे प्रागच्या संशोधकांनी त्यांतली १४० पानं निवडून ९१,२५५ चिन्हं आखून दिली. तिथे स्वरापुढचा ठिपका स्वराची लांबी दीडपट करतो, तर वरचा किंवा खालचा ठिपका स्वर तोडून वाजवायला सांगतो. म्हणून त्या कामात दोन्ही ठिपक्यांची नोंद वेगवेगळी आहे.

आपल्याकडचं काम आणखी नाजूक. बंदिशीत वर स्वरांची ओळ, खाली शब्दांची. मधे पडलेला ठिपका वरच्या स्वराला मंद्र करतो, की खालच्या अक्षरावरचा अनुस्वार आहे? शिवाय वही पलुस्कर पद्धतीची असेल, तर डोक्यावरचा ठिपकाच मंद्राचा. गाणारा माणूस रागाचं चलन पाहून हे चटकन सोडवतो. संगणकालाही ते शिकवता येईल. पण त्यासाठी ठिपका पानावर असायला हवा!

गुरुजी तार षड्जाचा ठिपका लाल पेन्सिलीने इतका दाबून द्यायचे, की पानाच्या मागे तो बोटाला लागायचा. वह्या जपल्या असत्या, तर यंत्राने पुसलेलं मी बोटांनी वाचलं असतं. ती वाटही तुम्ही रद्दीच्या तराजूत घातलीत.

तुमच्या संस्थेच्या कपाटात अजून चौदा वह्या आहेत. त्या रंगीत स्कॅन करा, किमान ४०० डीपीआयवर. सफाई करायचीच असेल तर दुसऱ्या प्रतीवर करा. पहिल्या प्रतीला हात लावू नका. स्कॅनिंगच्या वेळी स्वरलिपी वाचता येणारी एक व्यक्ती शेजारी बसवा. मी विनामूल्य येईन, सगळे दिवस येईन.

आणि वाचकहो, तुमच्या घरी आजीची, वडिलांची, गुरूंची अशी एखादी वही असेल, तर तिचे फोटो जरूर काढा, संगणकालाही जरूर शिकवा. पण वही जपून ठेवा, आणि गाणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय तिच्यातला एकही ठिपका कुणाला पुसू देऊ नका.

– गुरुजींची एक शिष्या