फुकट राबणारी तूर

१० फेब्रुवारीला जागतिक कडधान्य दिन असतो. मंचावर बॅनर, टेबलावर चार वाट्यांत तूर, मूग, उडीद, हरभरा. भाषण ठरलेलं: शाश्वत शेती करायची तर कडधान्यं पेरा. मग जेवण. पानात पनीर.

भाषणात खोटं काही नसतं. फुलोऱ्याआधी तुरीचं झाड मुळासकट हळूच उकरून काढा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखाने फोडा, आतून गुलाबी निघाल्या की समजा काम चालू आहे. रायझोबियम जिवाणू तिथे बसून हवेतलं नत्र झाडाच्या पोटात जाईल असं करून देतात. सोयाबीन निघून गेलं तरी त्याच्या ओळींमधली तूर खोल मुळांच्या जोरावर उरल्या ओलीवर उभी राहते, आणि जाता जाता पाला रानातच टाकून जाते. एवढं करून बिल लावत नाही, इथेच फसते.

युरियाला हे बरोबर जमतं. ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना, बाकीचा भार सरकारी तिजोरीवर. गोणीतल्या नत्राला अनुदान, गाठीतल्या नत्राला टाळ्या.

२०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली आणि शहरात बोंबाबोंब झाली. पुढचं वर्ष संयुक्त राष्ट्रांचं कडधान्य वर्ष. शेतकऱ्याने मनावर घेतलं, पाऊसही बरा झाला. २०१७ उजाडलं तेव्हा तूर इतकी आली की भाव बोनससकट क्विंटलला ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग, आत बारदाना संपलेला. म्हणीतल्या भटाला तुरी बाजारात असतानाच भटणीला मारायची घाई. इथे तुरी बाजारात पोचल्यावर मार बसला तो पिकवणाऱ्याला.

२०२१ पासून तुरीची आयात खुली, २०२३ पासून शुल्कमुक्तही. मुदत संपत आली की वाढवायची, हा नेम. ऑक्टोबर २०२५ मध्ये कडधान्यांत आत्मनिर्भर होण्यासाठी ११,४४० कोटींचं मिशन सुरू झालं, तेव्हाही बंदरात परदेशी तुरीला शुल्क शून्यच. आत्मनिर्भरता आणि आफ्रिकेची तूर, दोघी एकाच ताटात!

मिशन म्हणतं, नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने आणलेली सगळी तूर, उडीद, मसूर चार वर्षं हमीभावाने घेऊ. घ्या की. बारदाना तेवढा आधी मागवून ठेवा.